टेपचा भाव मीटरवर काढू नका



या आठवड्याचा व्हिडिओ फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या कोकणातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी होता. तिथे वेळ कमी पडला, म्हणून एक मुद्दा इथे नीट मांडतो: ग्लास टेपची खरेदी. विषय किरकोळ वाटेल. सगळ्या बिलात टेपचा वाटा तो केवढा? पण माझं स्पष्ट मत आहे की आपले लोक सगळ्यात महागडी बचत याच किरकोळ वस्तूवर करतात.

दुकानात आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "मीटरला काय भाव?" इथेच गाडी रुळावरून घसरते. कारण होडीला मीटर नको असतात, जाडी हवी असते. तळ ६ मिलिमीटर जाड असेल आणि तडा आरपार गेला असेल, तर ते ६ मिलिमीटर तुम्हाला पुन्हा उभे करायचे आहेत. साधी २०० जीएसएमची विणलेली टेप हाताने बसवली की एका थरात जेमतेम पाव मिलिमीटर जाडी मिळते. म्हणजे २४ थर! ६०० जीएसएमची शिवलेली बायअ‍ॅक्सियल टेप, म्हणजे जिचे धागे तिरपे, ४५ अंशांत असतात ती, एका थरात साधारण पाऊण मिलिमीटर देते. म्हणजे ८ थर.

आता समजा पातळ टेप ३० रुपये मीटर आहे आणि जाड ७० रुपये. (आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या दुकानदाराचे टाका.) एका मिलिमीटर जाडीला पातळ टेप पडली १२० रुपयांना आणि जाड पडली साधारण ९३ रुपयांना. स्वस्त कोणती? आणि यात मजुरी धरलेलीच नाही. २४ वेळा टेप कापा, भिजवा, रोलर फिरवून हवा काढा. कारागिराचा दिवस तिथेच गेला.

पातळ टेप वाईट असते असं मी म्हणत नाही. फळ्यांच्या सांध्यावर, कोपऱ्यावर, वरच्या शेवटच्या थराला तीच सुबक बसते. १९६३ साली इंग्लंडमध्ये निघालेली मिरर नावाची छोटी शिडाची होडी तर प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून आणि सांध्यांवर ग्लास टेप लावूनच बनायची, तीही लोकांनी घरच्या घरी बनवलेली. टेपचं खरं काम हे, लांब सरळ सांधा. भोक पडलं असेल तर मात्र टेप बाजूला ठेवा आणि कापड किंवा मॅट घ्या. टेपचे पट्टे शेजारी शेजारी चिकटवून भोक बुजवलेलं मला अजिबात पटत नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये जोड राहतो आणि पाणी तोच शोधतं.

दुसरी गोष्ट रुंदीची. तड्याच्या कडा ग्राइंडरने उतरत्या कराव्या लागतात, आणि ताणाच्या जागी हा उतार जाडीच्या १२ पट ठेवायचा. ६ मिलिमीटरला ७२ मिलिमीटर, तेही दोन्हीकडे. झाले १४४. म्हणजे वरचा थर ६ इंची टेपचाच लागणार. पण आपल्याकडे रोल पडलेला असतो २ इंची, कारण तो स्वस्त. मग २ इंची पट्टी तड्यावर ओढायची, वर रंग मारायचा आणि होडी पाण्यात. ही पट्टी किनाऱ्यावर सुटत नाही हो, सुटते ती लाटेवर आदळताना, आत माणसं असताना. २ इंची रोल ठेवा जरूर, तो उताराच्या तळातल्या अरुंद थराला कामाचा आहे.

रेझिनशी जुळणी हाही पैशाचाच प्रश्न. नेहमीच्या मॅटमध्ये धागे धरून ठेवणारा बाइंडर असतो, तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, म्हणून ती मॅट ताठच राहते. जुन्या फायबरवर इपॉक्सी जास्त घट्ट धरते म्हणून अनेकजण ती वापरायला लागलेत, चांगलंच आहे, पण मग टेप विणलेली किंवा शिवलेली घ्या. आणि पीओपीवाल्यांकडे मिळणारी, मागे गोंद असलेली जाळीची पट्टी? तीही फायबरग्लासच. पण ती भिंतीच्या सांध्यासाठी आहे, होडीच्या जवळ आणू नका.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, वजनकाटा वापरा. १०० मिलिमीटर रुंद, २०० जीएसएम टेपचा एक मीटर तुकडा २० ग्रॅम भरला पाहिजे. १४ भरला तर तुम्ही काय विकत घेताय ते कळलं. मग त्यावर थोडं रेझिन ओता. काच भिजून पारदर्शक झाली तर ठीक. पांढरे धागे तसेच राहिले तर ती टेप तुमच्या रेझिनला जुळत नाही, किंवा ओल धरलेली आहे.

ओलीचं वेगळं सांगायला हवं, कारण आपला दुरुस्तीचा हंगाम म्हणजे भर पावसाळा. १ जूनला मासेमारी बंदी लागते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि आपलं काम सुरू होतं. उघडा रोल शेडमध्ये टांगून ठेवणं म्हणजे त्याला दमट हवा पाजणं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, जमिनीपासून वर, कोरड्या खोलीत ठेवा. हंगामाचा माल मे महिन्यातच भरा. जुलैत धावपळीत मिळेल ती टेप उचलावी लागते आणि तिथे भाव तुमच्या हातात नसतो.

शेवटी कोटेशन. "फायबर काम, एकूण इतके" असं लिहिलंत की तांडेल शेजारच्या वर्कशॉपशी फक्त रक्कम ताडून बघणार. त्याऐवजी टेपचं जीएसएम, रुंदी, थर आणि रेझिनचा प्रकार लिहा, चार ओळी पुरतात. बंदी उठल्यावरचे पहिले दिवस त्याच्या कमाईचे असतात. तेव्हा होडी परत वर ओढावी लागली तर त्याचं नुकसान किती, हे तुमच्यापेक्षा त्याला चांगलं कळतं. ते एकदा बोलून दाखवा, मग भावाची घासाघीस बरीच कमी होते.

रेझिन आणि हार्डनरचा हिशेब पुढच्या व्हिडिओत घेऊ.