सॉकरचे स्वतःचे घर
बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या देशात आपल्या ओळखीच्या फुटबॉलला 'सॉकर' या नावाने राहावे लागते. परकेपणा असा नावापासूनच! १९७५ साली विख्यात खेळाडू पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात आले. १९७७ मध्ये या संघाच्या एका सामन्याला ७७,००० हून अधिक प्रेक्षक लोटले. तरीही १९८४ च्या हंगामानंतर ती व्यावसायिक स्पर्धाच बंद पडली. गर्दी पेले यांची होती, खेळाची नव्हे.

१९९६ मध्ये 'मेजर लीग सॉकर' सुरू झाली, तेव्हाही बहुतेक संघ अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य मैदानांत भाडेकऱ्यासारखे खेळत. रिकाम्या खुर्च्यांपुढे कसला रंग भरणार? १९९९ मध्ये कोलंबस शहरात खास सॉकरसाठी आटोपशीर क्रीडागार उभे राहिले. २०२३ मधील मेस्सी यांच्या आगमनापेक्षा मला त्या विटामातीचे मोल अधिक वाटते.