झाडे लावा, पण आधी शेडमधली धूळ आवरा

दरवर्षी ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींत रोपे लावली जातात. हार, नारळ, फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. झाडे लावू नका असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. पण फाटकाशी अशोकाची रांग आणि आत शेडमध्ये दहा फुटांवरचा माणूस धुरळ्यात दिसत नाही, अशा कारखान्याला पर्यावरणाचा मित्र म्हणायला माझे मन तयार होत नाही. कामगार आठ तास, ओव्हरटाइम धरला तर बारा तास, ज्या हवेत श्वास घेतो तेच त्याचे पर्यावरण.

आज फाउंड्रीविषयी लिहितो, कारण कोल्हापूर जिल्ह्यात हा अनेक घरांचा प्रश्न आहे. ऑइल इंजिनांच्या जमान्यात रुजलेला हा धंदा आज शिरोली, गोकुळ शिरगाव परिसरात हजारो कुटुंबांना पोसतो. सुमारे १४०० अंश सेल्सिअसला तापलेला लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतायचा, थंड झाल्यावर साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचे आणि चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासून साफ करायची. साचा फोडण्याचे नॉकआऊट आणि घासण्याचे फेटलिंग ही दोन कामे माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट. धूळ सर्वांत जास्त उडते ती इथेच.

ही वाळू म्हणजे सिलिका. डोळ्यांना जी धूळ दिसते ती नाकात, घशात अडकते. खोकला, शेंबूड यांबरोबर बाहेर पडते. खरी घातक धूळ दिसतच नाही. पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक, थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत जाऊन बसतात. तिथल्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण धरतो. असे व्रण वाढत जाऊन स्पंजासारखे मऊ फुप्फुस घट्ट होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात. बहुधा दहा-पंधरा वर्षांनी तो दिसू लागतो. धूळ फार असेल तर त्याआधीच. हे व्रण भरून काढणारे औषध आजही नाही, आणि काम सोडले तरी आजार पुढे सरकू शकतो. शिवाय अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज मूळ धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ कर्करोगकारक ठरवली आहे.

माझ्याकडे चाळिशीतला माणूस येतो. “डॉक्टर, धाप लागतीया, जिना चढवत नाही.” बिडी ओढत असला तर सगळा दोष बिडीवर जातो. एक्स-रेत डाग दिसले की क्षयाची औषधे सुरू होतात. कधी क्षय खरोखरच असतो, कधी नसतो, कधी दोन्ही आजार एकत्र असतात. “काम काय करता?” हा प्रश्न आम्हा डॉक्टरांच्या केसपेपरवर पहिल्या ओळीत हवा. बहुतेक ठिकाणी तो नसतो.

आता मालकवर्गाकडे वळतो. यातले काही माझे पेशंट आहेत, काही मित्र आहेत, त्यामुळे थोडे हक्काने बोलतो. “आम्ही मास्क देतो, हे लोक घालत नाहीत,” असे नेहमी ऐकतो. भट्टीशेजारी मे महिन्यात मास्क लावून तासभर उभे राहून पाहावे, मग कामगारावर रागवावे. साधा रुमाल किंवा कापडी मास्क हे बारीक कण अडवत नाही. मास्क हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे धूळ जिथे उडते तिथेच ती ओढून घेणे.

भिंतीला मोठा पंखा बसवला म्हणजे काम झाले, असेही नाही. तो आतली धूळ बाहेर फेकतो, शेजारच्या वस्तीवर. ग्राइंडरच्या अगदी तोंडाशी हूड, तिथून पाइप आणि पुढे कापडी पिशव्यांचा फिल्टर, अशी रचना हवी. त्या पिशव्या वेळेवर झाडल्या-बदलल्या नाहीत तर सगळी यंत्रणा शोभेची. कामगार वाचतो तो याच यंत्रणेने आणि शेजारचे गाव वाचते तेही याच यंत्रणेने. प्रदूषण मंडळासाठी वेगळा खर्च आणि कामगारासाठी वेगळा खर्च, असा हिशेब मांडणे मुळातच चूक आहे.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. पाळी सुटताना कॉम्प्रेसरचा पाइप अंगावर धरून कपडे झटकायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. माणूस स्वच्छ दिसतो, आणि दिवसभर कपड्यांवर बसलेली धूळ दोन मिनिटांत नाकात जाते. कॉम्प्रेसरची हवा फुकटही नसते; त्याला दिलेली बहुतांश वीज उष्णता होऊन वाया जाते, उरलेली गळक्या सांध्यांतून. ही पद्धत बंद केली तर वीज वाचते आणि फुप्फुसेही. त्याऐवजी अंघोळीची सोय आणि कामाचे कपडे कारखान्यातच धुण्याची व्यवस्था करावी. नवऱ्याचे कपडे झटकताना उडणारी धूळ घरच्या बाईने का खावी?

तीच गोष्ट कोरड्या झाडूची. फेटलिंगच्या शेडमध्ये जमीन ओली करून झाडावे, जमल्यास व्हॅक्यूमने धूळ ओढावी. मात्र लोखंडाच्या रसाजवळ पाण्याचा थेंबही नको. तिथे पाणी म्हणजे स्फोट. हे फाउंड्रीवाल्यांना मी सांगायला नको, पण उत्साहाच्या भरात कोणी माझा सल्ला तिथेही अमलात आणेल म्हणून लिहिले.

उरलेली काळी वाळू रात्री ट्रॉलीने ओढ्याकाठी किंवा पडीक रानात ओतली जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. वारा सुटला की ती पुन्हा हवेत. वापरलेली वाळू शुद्ध करून परत वापरता येते. नव्या वाळूचा खर्च त्या प्रमाणात कमी होतो आणि फेकायचा ढीगही. एकट्या लहान कारखान्याला हे यंत्र परवडत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून घ्यावे. साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणाऱ्या जिल्ह्याला सहकार शिकवायचा नसतो.

फाउंड्रीत काम करणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टी. वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या आणि जुने एक्स-रे फेकू नका. तुलनेला तेच उपयोगी पडतात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सिलिकोसिसला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातले होते, आणि राज्य विमा योजनेतही तो कामामुळे होणारा आजार धरला जातो. त्यासाठी तुम्ही कुठे, किती वर्षे, कोणत्या खात्यात काम केले याचा कागद लागतो. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांजवळ तो बहुधा नसतो. पगाराची चिठ्ठी, हजेरीचे कार्ड, गेटपास, जे हाती असेल ते एका पिशवीत घालून एक्स-रेबरोबर घरी जपून ठेवा.