बारा बाय दहाची खोली

मिरजेच्या आमच्या घरातली मागची खोली १२ बाय १० फुटांची. तिला दोन बाय दोनच्या किती फरश्या लागतील? १२० चौरस फूट भागिले ४, म्हणजे ३०. त्यावर पाच टक्के वेस्टेज धरलं की साडेएकतीस, म्हणजे ३२. एका बॉक्समध्ये चार येतात, म्हणजे आठ बॉक्स. ऑस्टिनमध्ये रात्री साडेदहाला, ऑफिसचा लॅपटॉप मिटायच्या आधी मी हे एक्सेलमध्ये मांडलं आणि बाबांना व्हॉट्सअॅप केलं. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते आणि मिस्त्री दारात उभे होते. ते म्हणत होते, बारा बॉक्स आणा.

"बाबा, हे लोक नेहमी जास्तच सांगतात," मी म्हणालो. फोन स्पीकरवर होता, हे मला नंतर कळलं.

चार बॉक्स वाचले, म्हणजे साधारण तीन हजार रुपये. इथे आम्ही चौघं एकदा बाहेर जेवलो तरी याहून जास्त बिल होतं. पण परदेशात राहणाऱ्या मुलाला गावाकडच्या कामात 'आपण फसवले जात नाही आहोत' याचं एक वेगळंच समाधान हवं असतं. ओळखीचं वाटतंय ना? बाबा चाळीस वर्षं त्या गावात राहिलेत, मिस्त्रींनी आमच्या अर्ध्या गल्लीचं काम केलंय, तरी शेवटचा शब्द माझा. कारण पैसे मी पाठवतो. आणि हो, मी इंजिनियर आहे.

आता हिशेब कुठे चुकला ते सांगतो. हेच सांगण्यासाठी मी लिहायला बसलोय.

पहिली गोष्ट, दोन बाय दोनची फरशी दोन फुटांची नसते. ती ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. दिसायला किरकोळ. पण १२ फुटांच्या भिंतीलगत सहा फरश्या सांध्यांसकट मांडल्या की शेवटी पावणेदोन इंचांची फट उरते आणि १० फुटांच्या बाजूला दीड इंचाची. तिथे पट्टी कापून लावायची म्हटलं तर ती दिसायला वाईट, कापताना तुटते आणि पुढे उखडायची भीती. चांगला मिस्त्री असलं काम करत नाही. तो खोलीच्या मधोमध सूत धरतो आणि दोन्ही कडांना सारखे तुकडे येतील असं मांडतो. म्हणजे लांबीत पाच अख्ख्या फरश्या आणि दोन्ही टोकांना सुमारे पावणेतेरा इंचांचे तुकडे. एका फरशीतून असा एकच तुकडा निघतो. दुसरा निघत नाही, कारण उरतात फक्त अकरा इंच. म्हणून एका ओळीला लागतात सात फरश्या. रुंदीतही तोच प्रकार, चार अख्ख्या आणि दोन तुकडे, म्हणजे सहा ओळी. सात सक बेचाळीस.

तीस नव्हे, बेचाळीस!

मग उरलेले अकरा इंची तुकडे वाया जातात का? मला तेच वाटलं होतं. पण भिंतीच्या कडेनं चार इंचांचं स्कर्टिंग लागतं, ते माझ्या एक्सेलमध्ये नव्हतंच. एका उरलेल्या तुकड्यातून त्याच्या दोन पट्ट्या निघतात. दाराची जागा सोडली तर आमच्या खोलीला २१ पट्ट्या हव्या होत्या, आणि कडेच्या तुकड्यांतून ३६ निघत होत्या. ज्याला मी पाच टक्के वेस्टेज म्हणत होतो, त्यातलं बरंचसं मिस्त्रींनी आधीच भिंतीला लावून टाकलं होतं. वर दोन-चार कापताना फुटायच्या, आणि उरतील त्या माळ्यावर. बारा बॉक्सचा हिशेब हा असा होता.

आमच्या धंद्यात वर पूर्णांक करायची एक पद्धत असते, ३०.१ आलं तर ३१ धरायचे. मी ती शेवटी एकदाच वापरली. फरशीला ती प्रत्येक ओळीत, प्रत्येक कडेला वापरावी लागते. मिस्त्री नंतर मला म्हणाले, "दादा, फरशी म्हंजे दूध न्हवं, मापून वतायला." इतक्या मोजक्या शब्दांत आमच्या प्राध्यापकांनाही सांगता आलं नसतं.

इथे हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही, कारण इथे चुकलं तरी चालतं. लाँड्रीच्या खोलीसाठी मी अंदाजपंचे बॉक्स आणले, उरलेले तीन न उघडता पावतीसकट परत केले. कमी पडले असते तर रविवारी गाडी काढून पुन्हा गेलो असतो. माझा अंदाज चांगला होता असं काही नाही, तो कधी तपासलाच गेला नव्हता.

मिरजेत तिसऱ्या दिवशी माल संपला. बाबा दुकानात गेले. तेच डिझाइन, तेच नाव, पण लॉट वेगळा. बॉक्सवर शेड आणि बॅच छापलेली असते, ती वेगळी असेल तर रंगात फरक येतो, कधी मापातही केसभर. पहिल्या लॉटचा एकही बॉक्स शिल्लक नव्हता. नवा माल यायला आठवडा गेला, तोवर मिस्त्रींचं दुसरं काम सुरू झालं होतं. एकूण अकरा दिवस गेले.

ही खोली आम्ही आईसाठीच करत होतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला जिना चढायचा नव्हता, आणि मागच्या खोलीला लागूनच संडास-बाथरूम आहे. दवाखान्यातून सोडायची तारीख ठरलेली. आई घरी आली तेव्हा त्या खोलीत दारापासून चार फूट नुसता कोबा होता. ते दिवस तिनं हॉलमधल्या दिवाणावर काढले. दिवाण बुटका. नव्या गुडघ्यानं त्यावरून उठताना ती काय तोंड करायची, ते मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. ती म्हणायची, "काही नाही रे, सवय होईल." बाबा काहीच म्हणायचे नाहीत, आणि ते जास्त लागायचं.

मिस्त्री सांगतील ते डोळे झाकून घ्या, असं मी म्हणणार नाही. जास्त सांगणारेही असतात. पण ते तपासायची जागा एक्सेल नव्हे. खोलीत सूत धरायला सांगा, कुठून सुरुवात आणि कडेला केवढा तुकडा ते विचारा, मग ओळी मोजा. दोन्ही कर्ण मापायला सांगा, जुन्या घरातली खोली बहुधा गुण्यात नसते. फरशी तिरकी लावायची किंवा लहान खोलीत दोन बाय चारची घ्यायची हौस असेल तर तुकडे आणखी वाढतात. सगळे बॉक्स एकाच दिवशी, एकाच बॅचचे घ्या आणि एक न उघडता ठेवून द्या. पाच वर्षांनी नळाच्या कामासाठी एखादी फरशी फोडावी लागली, तर तीच फरशी बाजारात मिळेल याची काही खात्री नसते.

नवे तीन बॉक्स आले तेव्हा मिस्त्रींनी बसवलेल्यातल्या काही फरश्या हलक्या हातानं उचलून दाराकडे घेतल्या आणि वेगळ्या रंगाच्या पलंगाखाली आणि कपाटाखाली ढकलल्या. त्याचे जादा पैसे त्यांनी मागितले नाहीत, बाबांनीच दिले. पाहुण्यांना फरक कळत नाही. आईला कळतो, ती रोज केर काढून घेते तेव्हा.

आता बाथरूमची फरशी बदलायची आहे, घसरणार नाही अशी. काल बाबांचा फोटो आला: जुन्या फरशीवर खडूनं मारलेल्या रेघा, कडेला मिस्त्रींच्या अक्षरात आकडा, आणि खाली बाबांचा प्रश्न, "बघतोस का एकदा?"

मी दुकानाचा खाते क्रमांक मागितला.