तडजोडीची मुदत संपली, जमिनीचा प्रश्न उरला

दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी जानेवारी २०२५ मध्ये मालमत्ता संपादनाच्या नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि पंधरवड्यात अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या देशाची मदत रोखण्याचा आदेश काढला. गोऱ्यांना दिलेला शब्द मोडला, असे एक बाजू म्हणते. मंडेला यांनी वाटाघाटींच्या मेजावरच काळ्यांची जमीन गमावली, असे दुसरी म्हणते. दोन्ही बाजू १९९० च्या दशकातील तडजोडीला बोल लावतात. तिचा मजकूर मात्र फारसे कोणी उलगडून पाहत नाही.

केम्प्टन पार्क येथे डिसेंबर १९९१ मध्ये सुरू झालेली बोलणी जून १९९२ च्या बोइपाटाँग हत्याकांडानंतर तुटली. त्या कोंडीत मार्ग सुचवला तो कम्युनिस्ट नेते जो स्लोव्हो यांनी. वर्णद्वेषी राजवट रणांगणात पराभूत झालेली नाही. लष्कर, पोलीस, नोकरशाही तिच्याच हाती आहे. तेव्हा ठरावीक मुदतीपुरती सत्तेत भागीदारी द्यावी, जुन्या अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या व निवृत्तिवेतन राखावे, असे त्यांचे म्हणणे. ज्यांना प्रिटोरियाने दशकानुदशके कट्टर शत्रू मानले, त्यांच्याच लेखणीतून ही सूचना यावी, हे विलक्षणच. भागीदारीची मुदत पाच वर्षे ठरली. नॅशनल पार्टी १९९६ मध्येच बाहेर पडली. सत्तेची तडजोड अशी आपोआप विरली.

मालमत्तेच्या तरतुदीला अशी मुदत नव्हती, आणि खरा वाद तिथेच आहे. पण १९९६ च्या राज्यघटनेचे पंचविसावे कलम वाचले की आश्चर्य वाटते. सार्वजनिक हितासाठी मालमत्ता घेता येते. त्या हितात जमीन सुधारणा स्पष्टपणे अंतर्भूत आहे. भरपाई न्याय्य असावी, आणि बाजारभाव हा ती ठरवण्याच्या अनेक निकषांपैकी केवळ एक. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे न्यायालयात अडकू लागल्यावर भारताला १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करावी लागली होती. दक्षिण आफ्रिकेच्या घटनाकारांनी ती मुभा मूळ मजकुरातच ठेवली.

‘राजी खरेदीदार, राजी विक्रेता’ हे सूत्र घटनेत कुठेच नाही. ते सरकारने स्वतः निवडलेले धोरण होते. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमीन हस्तांतरित करण्याचे उद्दिष्ट आधी २०१४ पर्यंत ढकलले गेले आणि तेव्हाही गाठता आले नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे होती. लोकसंख्येत ते दहा टक्केही नाहीत. त्याच वर्षी माजी अध्यक्ष खालेमा मोटलांथे यांच्या उच्चस्तरीय समितीने भरपाईपेक्षा भ्रष्टाचार, बड्यांकडे वळलेला निधी आणि राजकीय इच्छाशक्तीचा अभाव हे मोठे अडथळे असल्याचे नोंदवले. सत्ताधाऱ्यांना घटनेला दोष देणे अर्थातच सोयीचे होते. २०२१ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रयत्न झाला. दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत.

नवा कायदा पडीक वा केवळ भाव वाढण्याच्या आशेने अडकवून ठेवलेल्या जमिनीसारख्या मोजक्या प्रकरणांत भरपाईविना संपादनाची वाट ठेवतो, तीही ‘न्याय्य’ ठरली तरच. सरसकट जप्ती त्यात नाही. तरीही तो रेटण्याचे बळ आज दुबळे आहे. मे २०२४ च्या निवडणुकीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची मते ४० टक्क्यांवर आली आणि डेमोक्रॅटिक अलायन्सला सोबत घ्यावे लागले. केम्प्टन पार्कमध्ये काँग्रेसच्या बाजूने वाटाघाटींची धुरा वाहणारे रामाफोसा आता पुन्हा भागीदारीचे सरकार चालवत आहेत, आणि मंत्रिमंडळात शेजारी बसणाऱ्या या भागीदार पक्षाने त्याच कायद्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आहे.