हिरड्यांना रकाना द्या

तालुक्याच्या दंततपासणी शिबिरांत काम करणाऱ्या वाचकांची पत्रे गेले काही महिने सतत येत आहेत. सगळ्यांची तक्रार एकाच कागदाबद्दल आहे: शिबिराच्या अहवालाचा छापील नमुना. त्यात किडलेले दात, भरलेले दात, काढलेले दात, इतकेच काय, वाटलेल्या टूथपेस्टलाही रकाना आहे. हिरड्यांना नाही. एका वाचकाने लाल, सुजलेल्या, प्रोब लागताच रक्त येणाऱ्या हिरड्यांचे रुग्ण ‘शेरा’मध्ये मांडले, तर ‘नमुन्याबाहेरील माहिती देऊ नये’ असे लिहून अहवाल परत आला.

ज्या आजाराची नोंदच नाही, त्यासाठी स्केलरच्या टिप्स मागायच्या कशाच्या आधारावर? मागणी नामंजूर होते, स्केलिंग राहते आणि काही वर्षांनी तोच रुग्ण हलणारे दात घेऊन येतो. तेव्हा मात्र त्याला रकाना मिळतो, ‘काढलेले दात’ या मथळ्याखाली. हे संतापजनक आहे. अधिकाऱ्यांनी नमुन्यात रक्तस्राव आणि पॉकेट असे दोन रकाने वाढवावेत. त्याला ना निधी लागतो, ना नवे पद.

पण आपल्या दवाखान्यातला केसपेपर तर आपणच छापतो. त्यावर तरी सहा जागांचे प्रोबिंग किती जण नोंदवतात? सूज दिसली की गम पेंट आणि पाच दिवस मेट्रोनिडाझोल, ही सवय आता सुटायला हवी. सूज उतरते, कॅल्क्युलस जागेवरच राहते. हॅराल्ड लो यांनी 1965 मध्ये दाखवून दिले की, दात घासणे थांबवल्यावर 10 ते 21 दिवसांत निरोगी हिरड्यांना दाह होतो आणि स्वच्छता सुरू केली की साधारण आठवड्यात तो ओसरतो. हे आपण सगळे शिकलो आहोत, मग औषध आधी आणि ब्रश नंतर, असे का?

प्लाकच्या मानाने सूज जास्त दिसली, तर थांबून विचारा. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू आहे का? फेपरे येतात म्हणून फेनिटॉइन? गोळी आपण बंद करायची नाही, फिजिशियनला चिठ्ठी द्यायची. तरुण रुग्ण फिकट दिसतो, अंगावर काळेनिळे डाग आहेत, तर स्केलरला हात लावण्याआधी सीबीसी करून घ्या. ल्युकेमिया कधी कधी पहिल्यांदा हिरड्यांतच दिसतो. मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरडीतून रक्त आले नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तंबाखूमुळे रक्तस्राव झाकला जाऊ शकतो, पॉकेट मात्र खोल जात असते. आणि गरोदर बाईला ‘बाळंतपणानंतर या’ म्हणून परत पाठवू नका. चौथ्या ते सहाव्या महिन्यात स्केलिंग निर्धोक आहे.

मित्रहो, आदेशाची वाट पाहू नका. उद्या खुर्चीत बसणाऱ्या पहिल्या रुग्णापासून प्रोब हातात घ्या, मोजमाप लिहा, हिरडीच्या कडेशी ब्रश कसा धरायचा ते आरशात दाखवा आणि आठवड्याने परत बोलवा. शिबिरात जाणाऱ्यांनी परत आलेला अहवाल तीच माहिती भरून पुन्हा पाठवावा, आणि प्रत्येक वेळी पाठवावा.