केसांची गोळी, जिमचं इंजेक्शन आणि ॲपने न विचारलेला प्रश्न

केस गळतीचं ॲप उघडलं की आधी टाळूचा फोटो मागतात. मग प्रश्न सुरू होतात. झोप किती, कोंडा आहे का, वडिलांना टक्कल आहे का? पेमेंट झालं की दोन-तीन दिवसांत बॉक्स मोशीच्या सोसायटीत नाहीतर चाकणच्या रूमवर हजर. पण "येत्या वर्षभरात मूल हवंय का?" हा प्रश्न बऱ्याचदा त्या यादीत नसतोच. मी तळवड्यात सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या भाषेत सांगायचं तर फॉर्ममध्ये एक रकाना कमी आहे. तो का हवा, ते बघू.

केसांची गोळी

त्या बॉक्समध्ये बऱ्याचदा फिनास्टेराइड असतं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं आणि तेच केसांची मुळं बारीक करतं. ही गोळी ते बनणं रोखते. निरोगी पुरुषांना रोज १ मिग्रॅ गोळी ४८ आठवडे देऊन पाहिली, तेव्हा शुक्राणूंवर खास परिणाम दिसला नव्हता. म्हणजे गोळी घेणाऱ्या प्रत्येकाने घाबरायचं कारण नाही.

पण टोरांटोच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दुसरी बाजू मांडली. मूल होत नाही म्हणून आलेल्या सुमारे ४,४०० पुरुषांपैकी २७ जण ही गोळी घेत होते. ती थांबवल्यावर त्यांची शुक्राणूंची संख्या सरासरी ११.६ पट वाढली. संख्या आधीच कमी असेल तर ही गोळी महागात पडू शकते. आणि आपली संख्या किती आहे, हे तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

जिमचं इंजेक्शन

मेफेंटरमाइन या इंजेक्शनचा बेकायदा साठा पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी गेल्या काही वर्षांत पकडलाय. खरं तर ते ऑपरेशनवेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्याचं औषध. जिममध्ये ते स्टॅमिनासाठी टोचलं जातं आणि जिवावर बेतू शकतं. मूल होण्याच्या दृष्टीने मात्र खरा धोका टेस्टोस्टेरॉन आणि बाकीच्या स्टेरॉइडचा आहे.

चाकणची लाइन डोळ्यांसमोर आणा. गोदाम बाहेरच्या मालाने भरलं की प्लॅनिंगवाले लाइनला नवी ऑर्डर देत नाहीत. मेंदूही तेच करतो. रक्तात बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की वृषणांना जाणारा सिग्नल बंद होतो आणि शुक्राणू बनणं थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने हे गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० च्या त्या अभ्यासात ७ देशांतल्या २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिग्रॅचं इंजेक्शन दिलं. सहा महिन्यांत १५७ जणांचे शुक्राणू शून्यावर आले. इंजेक्शन थांबवल्यावर ते परत येतात, पण त्याला महिने लागतात. बॉडी बनवायला घेतलेलं इंजेक्शन असं गर्भनिरोधकाचं काम करून जातं.

यादी इथे संपत नाही. आतड्याच्या सुजेवरचं सल्फासॅलाझिन, नैराश्यावरचं पॅरॉक्सेटिन, वेदनेवरचं ट्रॅमाडॉल, यांचाही परिणाम शुक्राणूंवर किंवा हार्मोनवर होऊ शकतो.

नियम काय म्हणतो?

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्याच सल्ल्यात फक्त चॅटवरून चिठ्ठीशिवाय मिळणारी साधी औषधंच सुचवता येतात. त्यापुढच्या औषधांसाठी पहिली भेट किमान व्हिडिओवर हवी. एआयला औषध लिहून द्यायची परवानगी नाही. फिनास्टेराइड आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही चिठ्ठीवरचीच औषधं आहेत. ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा मात्र ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि मसुदाच राहिला. म्हणून ॲप कितीही चकाचक असलं, तरी राखण आपली आपणच करायची.

तुमच्या हातात काय आहे?

- डॉक्टरांशी व्हिडिओवर बोला. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे का बघा.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, इंजेक्शनं आणि पावडरींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, डॉक्टरांना दाखवा.
- मनाने औषध बंद करू नका, खासकरून नैराश्याचं. पर्याय असतात, ते डॉक्टरांना विचारा.
- नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. औषध बदललं तर निदान तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.
- मूल होत नसेल तर दोघांच्या तपासण्या एकाच वेळी सुरू करा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जड आहे. आपल्याकडे लग्नाला दोन वर्षं झाली की सोनोग्राफी तिची, रक्ताच्या तपासण्या तिच्या आणि सासरचे टोमणेही तिलाच. त्याची वीर्यतपासणी एका दिवसाचं काम, पण ती सगळ्यात शेवटी होते. तो रोज कुठली गोळी घेतो, हे तर कुणी विचारतही नाही.

ॲपमध्ये तो रकाना येईल तेव्हा येईल. तोवर ऑर्डर करण्याआधी डॉक्टरांना स्वतःच लिहा: "आम्हाला वर्षभरात मूल हवंय. हे औषध चालेल का?"