समतुल्य म्हणजे काय रे भाऊ?

मित्रांनो, सुरुवातीलाच माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला मराठी शब्द पटकन सापडत नाहीत. पण एक मराठी शब्द मात्र मी जन्मात विसरणार नाही. तो म्हणजे 'समतुल्य'.

हा शब्द मला भेटला आपल्या मेसमध्ये. आमचे एक सिनियर सर कॉलेजात कागदपत्रं न्यायला आले होते. त्यांनी एका सरकारी भरतीचा फॉर्म भरला होता. फी घेतली गेली, पेपर झाला, यादीत नावही आलं. घरी पेढे वाटून झाले. मग कागदपत्र तपासणीच्या टेबलावर साहेबांनी सर्टिफिकेट पाहिलं आणि विचारलं, "हे बी.टेक. कृषी अभियांत्रिकी आहे. सिव्हिल कुठंय?" जाहिरातीत 'स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा समतुल्य अर्हता' असं होतं. ते 'समतुल्य' म्हणजे आपणच, असं धरून सरांनी दोन वर्षं अभ्यास केला होता. ते हसत हसत सांगत होते, पण ताटातली भाकरी तशीच राहिली.

आपल्याला वाटतं, समतुल्य म्हणजे साधारण सारखं. सरकारी कागदात तसं नसतं. तिथं समतुल्य म्हणजे शासनानं समतुल्य म्हणून जाहीर केलेलं. जाहीर झालं नसेल, तर तुम्ही कितीही विषय शिकलेले असा, टेबलापलीकडच्या माणसाचे हात बांधलेले असतात.

आता आपण काय शिकतो ते बघा. सर्व्हेइंग आणि लेव्हलिंग आपण उन्हात उभं राहून केलंय. सॉइल मेकॅनिक्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, थिअरी ऑफ स्ट्रक्चर्स, बिल्डिंग कन्स्ट्रक्शन आणि कॉस्ट एस्टिमेशन हेही आहे. पाझर तलाव, सिमेंट नाला बांध, बांधबंदिस्ती, पाणलोट हे तर आपलं घरचंच. 2023 च्या शेवटी मृद व जलसंधारण विभागानं जलसंधारण अधिकाऱ्यांच्या 670 जागा काढल्या. (ती परीक्षा गैरप्रकारामुळे रद्द होऊन 2024 मध्ये पुन्हा घ्यावी लागली, तो विषय वेगळा.) पदाचं नाव वाचा : जलसंधारण अधिकारी, आणि पुढे कंसात 'स्थापत्य'. काम माती आणि पाण्याचं, पण त्या कंसानं मातीपाण्याचा इंजिनिअर दाराबाहेर राहिला.

माझी सिव्हिलची एक मैत्रीण यावर म्हणते, "मग उद्या तुम्ही पूलपण बांधणार का?" तिचं म्हणणं खोटं नाही. हायवे, पूल, मोठ्या इमारतींचा पाया, सांडपाणी हे ती सविस्तर शिकते, आपण नाही. आपला अभ्यासक्रम ट्रॅक्टरपासून फूड प्रोसेसिंगपर्यंत पसरलेला, त्यामुळे बांधकामाच्या वाट्याला थोडंच येतं. म्हणून 'आम्हाला सगळीकडे घ्या' ही मागणी मला पटत नाही. पूल सिव्हिलवाल्यांनीच बांधावा. पण पाझर तलावाच्या परीक्षेला तरी आम्हाला बसू द्या. येत नसेल तर नापास करा, त्यासाठीच परीक्षा असते ना?

गंमत म्हणजे दिल्लीला हे पटलेलं आहे. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा इंजिनिअरिंगची पदवी मागते, शाखा विचारत नाही. आपल्यापैकी कुणीही वयात बसत असेल (किमान 21 वर्षं) तर सिव्हिलचा पेपर निवडू शकतो. 500 मार्कांची पूर्व, 600 ची मुख्य आणि 200 चा इंटरव्ह्यू. अवघड आहे, पण दार उघडं आहे. आणखी एक उदाहरण एएमआयईचं. कॉलेजचं तोंड न पाहता, नोकरी करत इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या सेक्शन ए आणि बी परीक्षा पास होणाऱ्यांना पदवीधर इंजिनिअरच्या बरोबरीचं मानलं जायचं. 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांना ती मान्यता आजही आहे. म्हणजे काय शिकलास ते बघून समतुल्य ठरवणं या देशाला नवीन नाही.

गेटमध्येही आपण ॲग्रीऐवजी सिव्हिलचा पेपर देऊ शकतो. पण त्या मार्कांवर भरती करणाऱ्या बऱ्याच सरकारी कंपन्या पुन्हा डिग्रीची शाखा बघतात. तेव्हा आधी नीट वाचा.

2023 च्या सुरुवातीला राज्य कृषी सेवा परीक्षेत आपल्या विषयाचं वजन कमी केलं म्हणून राज्यात ठिकठिकाणी कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आंदोलनाला बसले होते. बसावंच लागतं कधी कधी. पण दरवेळी निकाल लागल्यावर बसण्यापेक्षा, कुठल्या पदाला कुठल्या पदव्या समतुल्य आहेत याची यादी शासनानं जाहिरातीतच छापावी, एवढं मागू या. फी घेण्याआधी सांगा, पेढे वाटल्यावर नको.

आपल्या सरांनाही एक विनंती. फर्स्ट इयरच्या नोटीस बोर्डावर एक कागद लावा : आपली डिग्री कुठे चालते, कुठे चालत नाही. आणि हॉस्टेलवाल्यांनो, पुस्तकांचा गठ्ठा आणायच्या आधी जाहिरातीतली अर्हतेची ओळ वाचा. शंका असेल तर लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. 'बघू नंतर' म्हणत आपली दोन वर्षं जातात.

मागच्या सुट्टीत शेजारचे काका म्हणाले, "बाई, तू इंजिनिअरच व्हनार ना? मग आपल्या वढ्यावरचा बंधारा दरसाली काहून फुटतो, ते तरी सांग." मी बंधारा पाहिला. पाणी खालून मुरत होतं, भिंत पायथ्याशी पोखरली होती. मला कारण सांगता आलं. काकांनी सर्टिफिकेट मागितलं नाही.

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात. मग परभणीत शिकलेल्या इंजिनिअरला परभणीचाच बंधारा बांधायची परीक्षा देता यावी, एवढंच माझं म्हणणं. पटलं तर सांगा. नाही पटलं तर मेसमध्ये भेटा, भांडू.

— तृतीय वर्ष, बी.टेक. (कृषी अभियांत्रिकी)